सहीच्या पट्टीसाठी एक बिट

माझं बूड एका जागी ठरत नाही, ही तक्रार आमच्या घरात आळीपाळीनं सगळ्यांनी केली आहे. आधी आईनं, मग बायकोनं, आता लेक करते. त्यात खोटं काही नाही. नव्वदच्या दशकात वर्ध्यात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हा टेबलावर एकाच वेळी पाच-पाच सेट पोट उघडून पडलेले असायचे. एकाचा दोष सापडला की माझा जीव दुसऱ्यात जायचा आणि पहिल्याचं झाकण लावायचं राहून जायचं. बाबा कचेरीतून परत येताना दुकानासमोर सायकल थांबवत, एक पाय जमिनीला टेकवून आत पाहत आणि म्हणत, "एक तं पुरा कर बाबू. दमानं कर."

बाबा तहसील कचेरीत कारकून होते. त्यांचं सगळंच दमानं चालायचं. त्यांचं अक्षर पाहायला लोक टेबलाशी थांबत, असं त्यांचे सोबती सांगायचे. ते खरं असणार, कारण किराण्याची यादीसुद्धा ते अशी लिहायचे की दुकानदाराला ती फाडून टाकताना वाईट वाटावं. माझं अक्षर मलाच दुसऱ्या दिवशी लागत नसे.

दोन हजार सालानंतर टीव्हीचं काम पातळ झालं आणि मी कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळलो. भंगारात निघालेले जुने प्रिंटर माझ्याकडे यायचे. त्यांच्या पोटातल्या मोटारी इतक्या चांगल्या असत की मला त्या फेकवेनात. एकदा सायबर कॅफेत बसून वाचलं की असल्या मोटारी जोडून लोक घरच्या घरी सीएनसी मशीन बनवतात. म्हणजे एक लहानसं टेबल, त्यावर गरगर फिरणारं हत्यार, आणि ते हत्यार कुठं न्यायचं, किती खोल घालायचं हे कॉम्प्युटर ठरवणार. झालं, मला दुसरं काही सुचेना. घरामागच्या टिनाच्या खोलीत टेबलाच्या खणाचे लोखंडी चॅनल, प्रिंटरच्या मोटारी आणि सुतार लोक कडा तासायला वापरतात ते हातमशीन जोडून मी वर्षभरात एक धूड उभं केलं. ते सुरू झालं की खोलीचे पत्रे थरथरायचे. त्यावर मी लाकडात मोर कोरला, ताजमहाल कोरला, घराचा नंबर तीन वेळा कोरला. कशासाठी, तर काही नाही, असंच. बायको म्हणायची, "एवढ्या आवाजात एखादं दळण तरी निंगालं असतं."

याच काळात बाबांची नजर गेली. काचबिंदू होता. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही, आणि शेवटी उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा. बाबांनी त्याचा बाऊ केला नाही. बातम्या ते आधीही रेडिओवरच ऐकायचे, आता आंघोळीची बादली आणि चपला कुठं आहेत ते पावलं मोजून पाठ केलं. घोर लागला तो एकाच गोष्टीचा. सहीचा.

पेन्शन घेणाऱ्याला दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत असा दाखला भरून द्यावा लागतो. त्यावर बँकेतल्या माणसासमोर सही करायची. नजर गेल्यानंतरच्या पहिल्या नोव्हेंबरात बाबांची सही रकान्याबाहेर गेली. टेबलावरच्या माणसानं चांगुलपणानंच म्हटलं, "काका, अंगठा लावून द्या ना, सोपं जाते." आणि शाईचा पॅड पुढे सरकवला. बाबांना पॅड दिसला नाही, पण सरकल्याचा आवाज कळला असावा. त्यांनी उजवा हात उचलला आणि सरळ खिशात घातला.

आजोबा अल्लीपूरला दुसऱ्याच्या शेतात राबायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. कोणी कागद समोर धरला की ते अंगठा लावायचे, आणि कागदात काय होतं ते नंतर दुसरंच कोणीतरी सांगायचं. छप्पन सालच्या दीक्षेनंतर आमच्या वस्तीतली पोरं हट्टानं शाळेत गेली, त्यात बाबा होते. आमच्या घराण्यात सही करणारा पहिला माणूस म्हणजे ते. हे सगळं बाबा कधी भाषण देऊन सांगत नसत. त्या दिवशीही ऑटोत बसल्यावर एवढंच म्हणाले, "पेन्शन बंद झाली तं होऊ दे. मी अंगठा लावीन नाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो. चार फॉर्म वाया गेले, पाचव्यावर सही कशीबशी रकान्यात बसली. पण निघताना तिथल्या साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या वर्षी असं जमणार नाही. तेव्हापासून पुढचा नोव्हेंबर माझ्या मानगुटीवर बसला.

सहीसाठी पट्टी करायची कल्पना खरं तर बायकोची. तिनं औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन त्यात एक लांबट खिडकी कापली. पुठ्ठा कागदावर ठेवायचा, खिडकी बोटानं चाचपायची आणि तिच्या आत सही करायची. कल्पना सोळा आणे खरी होती, पुठ्ठा मात्र टिकला नाही. दहा-बारा सह्यांत पेनाच्या टोकानं कड उसवली. पत्र्याची करावी तर खालचा रकाना झाकला जाणार. प्लास्टिकच हवं, आणि तेही पारदर्शक, म्हणजे पट्टी नेमकी रकान्यावर ठेवता येईल. आणि माझ्याकडे तर मशीन होतं! त्या धुडाला जन्मल्यापासून पहिल्यांदा काहीतरी काम मिळत होतं.

बाबांनी लगेच अटी घातल्या. "मी आधी अक्षरं लिहितो अन् मंग वरून रेघ ओढतो. वरची कड अशी पाहिजे का पेन तिले टेकून सरळ निंगून गेला पाहिजे. हिसका बसला नाई पाहिजे. अन् माह्या नावात वेलांटी आहे, तिले वर जागा ठेव."

म्हणजे खिडकीची वरची कड गुळगुळीत हवी आणि त्या कडेत एका ठिकाणी वेलांटीपुरती बारीक खाच. अशी पट्टी जगात दुसऱ्या कोणाच्याच कामाची नसणार. मी म्हटलं, दोन दिवसांत देतो. त्याला सात महिने लागले.

मशीनच्या तोंडात जे कापणारं पातं बसवतात त्याला बिट म्हणतात. सगळं घोडं तिथं अडलं. माझ्याकडे होती ती सुतारकामाची बिटं, पाव इंच जाड. त्यांनी वेलांटीची खाच कोरली तर तिच्यात वेलांटीच काय, हत्ती बसला असता. शिवाय कोपऱ्यात प्लास्टिकचे टवके उडाले. मग एका लेथवाल्याकडून लोखंड कापायचं बारीक बिट आणलं, चार धारांचं. तो म्हणाला, "लोखंड कापते हे, प्लास्टिक काय चीज आहे?" मलाही पटलं. जास्त धारा म्हणजे जास्त सफाई, असा माझा सरळ हिशोब.

आणि इथं मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांचं ऐकलं. दमानं घेतलं. मोटार जोरात फिरवली आणि बिटाची पुढे सरकायची चाल इतकी हळू ठेवली की पाहताना झोप यावी. घाई केली तर कड बिघडेल, हळू गेलं तर सफाई येईल, हे लहानपणापासून कानावर पडलेलं. दोन मिनिटांत जळका वास सुटला. प्लास्टिक कापलं जात नव्हतं, वितळत होतं, आणि वितळलेलं बिटाच्या धारांमध्ये जाऊन बसत होतं. थोड्या वेळानं बिटाला धार अशी राहिलीच नाही, नुसता एक गोळा गरगरत होता. मी चाल आणखी कमी केली. गोळा आणखी मोठा झाला.

त्यात लोडशेडिंग. वीज कधी जाईल याचं वेळापत्रक पेपरात यायचं आणि ती त्याआधीच जायची. बिट कामाच्या मधोमध थांबायचं आणि भोवतीचं वितळलेलं प्लास्टिक गार होऊन त्याला घट्ट धरून बसायचं. मग पकड आणि शिव्या.

जे काही बाहेर निघे ते मी बाबांच्या हातात द्यायचो. ते खाटेवर बसून तर्जनी कडेवरून फिरवत. "इथं करकर लागते." "इथं गाठ आहे." "हे तं कालचंच हत्यार आहे, बदललं नाई तू." हे शेवटचं खरं असायचं आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. मी ओळखीच्या डॉक्टरांकडून दात कोरायची बारीक टोकं आणली. त्यांनी प्लास्टिकचं आधी पीठ झालं, मग पिठाचा चिकटा झाला, मग टोक मोडून माझ्या चष्म्यावर येऊन आदळलं. सायबर कॅफेतून छापून आणलेले कागद मी परत वाचले. इंटरनेटवरचे लोक आपसातच भांडत होते. एक म्हणे दोन धारा, एक म्हणे एकच, एक म्हणे पाणी सोडा, एक म्हणे पाणी सोडाल तर खबरदार. मी रोज एकाचं ऐकायचो. दुकानात बसलं की मशीनची आठवण, मशीनशी उभं राहिलं की दुकानाची. जेवताना मी ताटाच्या कडेवरून बोट फिरवू लागलो.

एकदा, दिवाळी तोंडावर आलेली असताना, मला बाबांचाच संताप आला. आंधळा माणूस अंगठा लावतो यात कसली बेअब्रू? देशात निम्मे लोक लावतात. पॅडवर टेकवला, कागदावर टेकवला, घरी आलो, संपलं. हे मी तोंडानं बोललो नाही, पण हातातला तुकडा भिंतीवर फेकून मारला. बाबा शेजारच्या खोलीत होते. त्यांनी विचारलं, "मोडला का?" मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "दुसरा करजो." मला इतकी लाज वाटली की मी तसाच स्टँडवर गेलो आणि नागपूरची एसटी धरली.

नागपुरात दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्या एका कारखान्यात मोठं मशीन आहे असं मी ऐकून होतो. ते चालवणारा माणूस पन्नाशीचा, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरलेला, डोळे अर्धे मिटलेले. मी खिशातून माझं गोळा झालेलं बिट काढून त्याच्यापुढे धरलं. त्यानं ते उलटसुलट पाहिलं आणि हसला. "ये तो लड्डू बन गया भाऊ."

मी सगळं सांगितलं. चार धारा, जोरात मोटार, हळू चाल. तो मान हलवत राहिला. मग खर्रा थुंकून आला आणि म्हणाला, "प्लास्टिक को काटने का, घिसने का नहीं. तुम एक जगह खड़े रहोगे तो वो गरम होगा, गरम होगा तो चिपकेगा. धार एकच ठेवा. कचरा बाहेर पडाले जागा पाहिजे ना! मोटर कम, चाल ज्यादा. भगाओ उसको."

"किती भगवायचं?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. मी बोलता बोलता त्याच्या टेबलाभोवती तीन चकरा मारल्या होत्या आणि एका पायावर उभा होतो. "तुम्ही फिरून राह्यले ना, तेवढं," तो म्हणाला.

त्यानं डबीतून एक वापरलेलं बिट काढून दिलं. तीन मिलिमीटर जाड, एकच धार, तीही आरशासारखी चकचकीत. बाकीची अर्धी बाजू कचरा निघायला मोकळी सोडलेली. प्लास्टिकच्या शीटचा एक तुकडाही दिला, माझ्या शीटपेक्षा टणक. स्वस्तातली शीट लवकर वितळते, हे त्यानं बिट पुसता पुसता सांगितलं. एसटीत मी ते बिट शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वर्धा येईपर्यंत पंधरा वेळा चाचपून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज होती. मी मोटार कमी केली, चाल चौपट केली आणि डोळे बारीक करून उभा राहिलो, कारण इतक्या जोरात पळवलं तर सगळं फुटेल अशी धास्ती अजून होतीच. बायको सायकलचा पंप घेऊन बिटाच्या तोंडाशी हवा मारून कचरा उडवायला उभी. "मामाजीची सही होईन तवा होईन, माहा खांदा गेला," म्हणत ती दट्ट्या दाबत होती. बिट शीटमध्ये उतरलं आणि खोबऱ्याच्या किसासारखा पांढरा कीस उडायला लागला. वास नाही, गोळा नाही. मी ओरडलो. बायकोला वाटलं माझं बोट कापलं.

बाबांनी पट्टी घेतली. वरच्या कडेवरून तर्जनी नेली, परत आणली, खाचेत नख घातलं, परत कडेवरून नेली. मग म्हणाले, "पेन दे." वर्तमानपत्राच्या समासात, पंचांगाच्या मागे, लाइट बिलाच्या पाठीवर, आठवडाभर ते सह्या करत होते. मी मात्र दर वेळी कडच पाहायचो. पेन अडखळला का, रेघेला हिसका बसला का. नव्हता बसला. माझी छाती फुगली होती.

नोव्हेंबरात बँकेत गेलो. या वेळी टेबलाशी तिशीतल्या एक मॅडम होत्या. मी फॉर्म भरला, पट्टी रकान्यावर नेमकी ठेवली, तिच्या कडा रकान्याच्या रेषांना तंतोतंत जुळवल्या आणि बाबांचा हात खिडकीशी नेला. त्यांनी सही केली. अक्षरं, वेलांटी आणि वरून एका दमात रेघ. अशी देखणी सही त्या बँकेत कोणी केली नसेल.

मॅडमनी कॉम्प्युटरच्या पडद्यावरची जुनी सही पाहिली, फॉर्म पाहिला, पुन्हा पडदा पाहिला. "नाही जुळत हो काका," त्या म्हणाल्या. "अक्षरं तीच दिसतात, पण ही अगदी आडवी आहे. आमच्याकडे आहे ती वेगळीच आहे." आणि त्यांनी शाईचा पॅड उघडून बाबांसमोर ठेवला.

माझं डोकं सणकलं. सात महिने, चार तऱ्हेची बिटं, नागपूर. मी आवाज चढवला. माणूस समोर उभा आहे, त्याचा मुलगा उभा आहे, हातानं सही केलेली आहे, अजून काय पाहिजे? बाबांनी चाचपडत माझा दंड धरला.

"थांब. वरडू नको," ते म्हणाले. मग मॅडमच्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून, "माही सही चढती आहे मॅडम. पयलेपासून. डावीकडून वर चढत जाते. घरी मी पट्टी आपल्या हातानं ठेवतो. आज यानं ठेवली, सरळ."

मी त्यांच्याकडे वळलो. "मग सांगितलं काऊन नाही?"

"तू इचारलंच नाई," बाबा म्हणाले. "तू बिटच पाहून राह्यला होता."

त्यात काय खोटं होतं? वर्तमानपत्राचे समास, पंचांग, लाइट बिल, शंभर सह्या माझ्या डोळ्यांसमोर झाल्या होत्या. प्रत्येक सहीची कड मी पाहिली होती आणि सही एकदाही पाहिली नव्हती.

मॅडमनी नवा फॉर्म दिला. मी भरला आणि या वेळी हात मागे घेतला. बाबांनी डाव्या हातानं कागदाच्या कडा चाचपल्या. मी रकान्याची जागा तेवढी बोट टेकवून दाखवली. त्यांनी पट्टी ठेवली, उजवीकडून थोडी उचलून तिरपी केली, अजून थोडी केली आणि अंगठा-तर्जनीनं दाबून धरली. सहीचं शेवटचं अक्षर रकान्याच्या वरच्या रेषेला जाऊन टेकलं. मॅडमनी पडद्याशी ताडून पाहिलं. मी त्यांच्या भुवयांकडे पाहत होतो. त्यांनी मान हलवली आणि शिक्का उचलला.

बाबा पेनाचं टोपण शोधायला टेबलावर हात फिरवत होते. ते कुठं आहे हे मी सांगायच्या आत त्यांचा हात उघड्या पॅडवर पडला. अंगठा निळा झाला.

"काय लागलं हे?" त्यांनी विचारलं.

मी रुमाल काढला. "शाई," मी म्हटलं. "आणा, पुसून देतो."

"राहू दे," बाबा म्हणाले. "उमटला तं नाई ना कुठी?"

"नाही."

"मंग राहू दे."

त्यांनी पट्टी डाव्या हातानं खिशात टाकली आणि माझ्या खांद्यावर तोच डावा हात ठेवून पायऱ्या उतरले. ऑटोत चढताना दांडी धरली नाही, वाटेत नाकावरचा घाम पुसला नाही. घरी पोचेपर्यंत उजवा अंगठा त्यांनी हवेत उभा धरला होता, कशालाच लागू न देता.